डोंबिवलीच्या संख्येचं शेपूट कापलंत की हो!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत ‘आकड्यांची जादू’ म्हणून चौकट आलीय, त्यात नऊ एकांचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३०० असा छापलाय. सहावीतली नात पेपर घेऊन आली, म्हणे आजोबा, १ ला १ ने गुणून शेवटी शून्य कसं आलं? आता बोला!

चूक कुठे झाली असेल ते सांगतो, कारण आमच्याकडेही तेच झालं. मुलाच्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये गुणून बघितलं तर हुबेहूब हेच उत्तर, एक्सेल पंधराच आकडे धरतं आणि पुढे सरळ शून्य टाकतं, आणि ही संख्या सतरा आकडी (भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या जुन्या गणितग्रंथातल्या नावांनी मोजलं तर पहिला १ ‘मध्य’च्या घरात, परार्धाच्या एकच घर अलीकडे). खरं उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. कॉम्प्युटर नसला तरी पकडता येतं बरं का, नऊ एकांची बेरीज ९ म्हणजे त्या संख्येला ९ ने भाग जातो, मग वर्गाला ८१ ने जायलाच हवा, पण तुम्ही छापलेल्या आकड्यांची बेरीज ७८, तिला साधा ९ ने पण जात नाही. खऱ्या संख्येची बेरीज बरोब्बर ८१.

आणि जादूबिदू काही नाही हो. कागदावर गुणाकार मांडा, नऊ ओळी नुसत्या एकांच्या, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या उभ्या रांगेत एकच १, दुसरीत दोन, असं नऊपर्यंत चढतं आणि मग उतरतं, कुठेच हातचा येत नाही म्हणून ही शिस्त. नात म्हणे दहा एक घेतले तर? घेतले. मधल्या रांगेत दहा झाले, हातचा आला आणि डोलारा कोसळला, १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना ८ गायब! गंमत म्हणजे १११११११११ ला ९ ने भागलं तरी १२३४५६७९ येतं, तिथेही ८ नाही. आणि हे १२३४५६७९ म्हणजे ३७ गुणिले ३३३६६७, करून बघा.

पण खरा राग वेगळाच आहे, चौकटीत कापरेकर सरांचं नावच नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर, त्यांनी १२१, १२३२१ वगैरे या संख्यांच्या घराण्याला ‘डेम्लो’ नाव दिलं ते जीआयपी (म्हणजे आताच्या मध्य) रेल्वेवरच्या, मुंबईपासून तीस मैलांवरच्या डेम्लो स्टेशनवरून, म्हणजे आपलं डोंबिवली, तिथे त्यांना हे सुचलं. मी एकतीस वर्षं त्याच स्टेशनावर लोकलची वाट बघितली, मला तिघांच्या बाकावरच्या चौथ्या सीटपलीकडे काही सुचलं नाही.

दुरुस्ती छापाल तेव्हा शेवटचे २१ तेवढे नीट तपासा, नात कात्री घेऊन बसलीय, वहीत चिकटवायचंय तिला.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली (पूर्व)