रविवारी सकाळी १० ला पार्किंगमध्ये भूकंपाचा सराव

मंडळी, कालच्या धक्क्यानं मांडणीवरची भांडी खडखडली आणि निम्मी बिल्डिंग लिफ्टकडं पळाली, हे परत नको. सरावाला घरटी एकजण तरी पाहिजेच, पोरांनाबी आणा.

तोवर एवढं करा की:

- हादरा चालू असताना जिना नको, लिफ्ट नको. टेबलाखाली बसा, पाय घट्ट धरून (टेबलाचा, स्वतःचा नव्हं!)
- थांबल्यावर गॅस बंद, पायात चप्पल, मग जिन्यानं खाली. मागनं छोटे धक्के येतात, लगेच वर जाऊ नका
- माळ्यावरच्या पितळी घागरी उतरवा

१९६७ चा कोयनेचा भूकंप पहाटेच झालता, त्यामुळं उशाला बॅटरी ठेवा. आणि 'रात्री ३ ला परत येणार' असले मेसेज टाकू नका, भूकंपाची वेळ आधी कुणालाच सांगता येत नाही.