बाळंतपणानंतर पुन्हा शर्यतीकडे

लीड्स, २५ ऑगस्ट

प्रिय स्नेहल, आई आणि महेश,

फेब्रुवारीत १० किलोमीटरची शर्यत धरायचं स्नेहलच्या मनात आहे आणि त्यावरून घरात दोन मतं आहेत, असं महेशनं सांगितलं. फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. माझं मत विचाराल तर शर्यत जरूर धरावी. बाळ आता साडेचार महिन्यांचं आहे, फेब्रुवारीत ते दहा महिन्यांचं होईल. तेवढा वेळ पुरतो.

स्नेहल, आधी एक गोष्ट पक्की समजून घे, बाकी सगळं त्यावर उभं आहे. काही महिने पळणं थांबलेल्या माणसाचा दम लवकर परत येतो. रक्तातलं पाणी वाढतं, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला लागतं, आणि तीन-चार आठवड्यांत वाटतं की जमलं. हाडं आणि कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) मात्र त्या वेगानं सुधारत नाहीत. नव्या धक्क्यांना तोंड द्यायला हाड आधी जुना भाग झिजवतं, त्याला दोन-तीन आठवडे लागतात. तिथं नवं हाड भरायला जवळजवळ तीन महिने. मधल्या काळात ते आधीपेक्षा नाजूक असतं. म्हणून नडगीचं दुखणं पहिल्या आठवड्यात येत नाही. पाचव्या-सहाव्या आठवड्यात येतं, सगळं छान चाललंय असं वाटत असताना. त्यात अंगावर पाजताना आईच्या हाडांतली घनता साधारण ३ ते ७ टक्के कमी होते. दूध तोडल्यावर ती भरून येते, पण या हिवाळ्यात ती कमीच असणार. इंग्लंडची पॉला रॅडक्लिफ जानेवारी २००७ मध्ये आई झाली आणि त्याच नोव्हेंबरात न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली, हे सगळे सांगतात. मधल्या काळात तिच्या माकडहाडाच्या वरच्या हाडाला ताणाची चीर गेली होती, हे फारसं कुणी सांगत नाही. तेव्हा किती पळायचं हे दमाला विचारू नकोस, नडगीला आणि ओटीपोटाला विचार.

आई, तू सव्वा महिना पाळायला लावलास ते योग्यच होतं. आतले टाके, गर्भाशय, ओटीपोटाचा तळ यांना तेवढा काळ लागतोच. पण सहा आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी ‘सगळं ठीक’ म्हटलं म्हणजे पळायला मोकळीक मिळाली असं होत नाही. त्या तपासणीत जखम पाहतात, उडी मारताना काय होतं ते पाहत नाहीत. इथल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये बाळंतपणानंतरच्या धावण्यासाठी मार्गदर्शक सूत्रं लिहिली. त्यांत निदान तीन महिने थांबावं आणि मग शरीराची परीक्षा घेऊन ठरवावं, असं सांगितलंय. स्नेहलचे तीन महिने झालेत, आता परीक्षा राहिली.

ती घरातच होते. सलग ३० मिनिटं झपझप चालणं. एका पायावर १० सेकंद उभं राहणं. एका पायावर अर्धवट बसून उठणं, प्रत्येक पायावर १० वेळा. जागच्या जागी एक मिनिट जॉगिंग. पुढे १० उड्या. एका पायावर जागच्या जागी १० उड्या, मग दुसऱ्या पायावर. हे करताना दुखलं, लघवीचा थेंब आला किंवा खाली काही उतरल्यासारखं जड वाटलं तर नापास. नापास झालीस तर घाबरायचं काही नाही, फक्त पळण्याआधी आणखी चार-सहा आठवडे ताकदीचं काम करायचं. याखेरीज एका पायावर टाच उचलणं सलग २० वेळा, पाठीवर झोपून एका पायावर कंबर उचलणं २० वेळा आणि खुर्चीवरून एका पायावर उठणं २० वेळा जमायला हवं. बहुतेकींचं टाच उचलण्यात अडतं, बारा-चौदाला पोटरी थरथरते. पळताना पोटरी सगळ्यांत जास्त भार घेते, त्यामुळे ती कमकुवत असली की बोजा नडगीवर आणि टाचेमागच्या कंडरेवर जातो. पायरीच्या कडेला चवड्यावर उभी राहा, दोन मोजत वर, तीन मोजत खाली, एका दिवसाआड १५ चे तीन फेरे. जमायला लागलं की पाठीवर सॅकमध्ये पाच किलो तांदूळ घे.

आता ज्याबद्दल आपल्याकडे बायका आपसातसुद्धा बोलत नाहीत, ते. पळताना, शिंकताना थेंब गळणं हे बाळंतपणानंतर खूप जणींना होतं, पण खूप जणींना होतं म्हणून ते सोसायचं नसतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू झोळीसारखे असतात. पळताना प्रत्येक पावलाला वरचा भार त्यांच्यावर आदळतो. वारा अडवतो तसं मागून आत खेच, मग पुढं लघवी रोखतो तसं. १० सेकंद धर, तेवढंच सोड, असं १० वेळा. त्यानंतर १० झटपट. दिवसातून तीनदा, बाळाला पाजायला बसलीस की करायचं, म्हणजे विसरत नाही. दोन चुका सगळ्या करतात: श्वास रोखून धरतात आणि कुल्ले आवळतात. श्वास रोखला की दाब खाली जातो, आणि कुल्ले आवळले की तळाचे स्नायू नीट कामाला लागत नाहीत. सोडणंही पूर्ण हवं, सतत आवळून ठेवलेला स्नायू ऐन वेळी कामाला येत नाही. लघवी करताना मध्येच थांबवून मात्र हा सराव करू नकोस. तीन महिने मनापासून करूनही गळत असेल किंवा अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा आणि त्यांना या कामातली फिजिओथेरपिस्ट विचार. बेळगावात सरकारी आणि खासगी मिळून मोठी रुग्णालयं आहेत, विचारलं तर सापडेल. लाजून राहू नकोस, हे अगदी कळकळीनं सांगते.

परीक्षा पास झालीस की गणपती उठल्यावर सुरू कर. आठवड्यात तीनच दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. पाच मिनिटं चालायचं, मग १ मिनिट पळणं आणि २ मिनिटं चालणं, असं आठ वेळा. दोन आठवडे हेच, पाय शिवशिवले तरी. नंतर २ मिनिटं पळणं, २ चालणं, सात वेळा. पाचव्या आठवड्याला ३ पळणं आणि १ चालणं, सातव्याला ५ आणि १. साधारण दहाव्या आठवड्याला २५ ते ३० मिनिटं सलग. वेग असा की महेशशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. आधीच्या वेगानं पाहिलंस तर हा लाजिरवाणा संथ वाटेल, पण तोच बरोबर आहे. पावलं छोटी आणि थोडी भरभर टाक. पावलांची गती पाच ते दहा टक्के वाढवली की गुडघ्यावरचा भार कमी होतो. सलग पळायला लागल्यावर एक नियम काटेकोर पाळ: एका दिवसातली सर्वांत लांब धाव ही गेल्या महिनाभरातल्या सर्वांत लांब धावेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. आठवड्याची बेरीज सगळे सांभाळतात आणि रविवारी मैत्रिणींबरोबर एकदम चारवरून आठ किलोमीटरवर जातात. तिथंच घात होतो.

पळून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तपास. पोटऱ्या दुखल्या तर ठीक. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर हुळहुळत असेल तर दोन दिवस थांब आणि एक पायरी मागं ये. पण बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल, रात्री ठणकत असेल किंवा एका पायावर उडी मारताना तिथंच लागत असेल तर पळणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे. सुरुवातीच्या एक्स-रेत चीर बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआय लागू शकतो, म्हणून ‘एक्स-रे साफ आहे’ यावर समाधान मानू नकोस. थांबलेला रक्तस्राव पळण्यानंतर पुन्हा दिसला तरी थांब. दुखणं दाबायला गोळी घेऊन पळू नकोस. घाम गेलेल्या शरीरात त्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात, आणि थांबायची खूणही कळत नाही. छातीत दडपण, चक्कर, धडधड झाली तर त्याच दिवशी डॉक्टर.

वाट कुठली, यावर माझं ठाम मत आहे: पहिले दोन महिने फक्त टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो, तो झाडांचा मोकळा परिसर. झाडांखालची माती डांबरापेक्षा मऊ, वाहनं नाहीत, आणि दम लागला तर चालायला सावली. सप्टेंबरात तिथं शेवाळ आणि ओली पानं असतात, पाऊस पडून गेल्याच्या सकाळी वळणावर चालच. सलग ३० मिनिटं झाली की काँग्रेस रोड. तो सपाट आहे, पण रस्त्याच्या कडेला उतार असतो, सतत एकाच बाजूनं पळलीस तर एका कमरेवर ताण येतो, तेव्हा जाताना-येताना बाजू बदल, वाहनं पाहून. यळ्ळूरगडाचा चढ डिसेंबरपर्यंत मनातही आणू नकोस. चढताना नुसता दम लागतो, उतरताना मात्र मांड्या आणि ओटीपोट दोन्ही सोलून निघतात. आणि गळीत हंगाम सुरू झाला की अंधारात खानापूर रस्त्यावर किंवा गावाकडच्या वाटेवर जाऊ नकोस. उसाच्या ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो. उजाडल्यावरच निघ.

माळ्यावरचे जुने बूट काढू नकोस. दोन पावसाळे बंद डब्यात राहिलेल्या बुटांचा डिंक सुटतो, तळाचा फोम ताठ होतो. शिवाय गरोदरपणात पायाची कमान बसते आणि बऱ्याच जणींचा पाय कायमचा लांब-रुंद होतो. संध्याकाळी कागदावर उभी राहून दोन्ही पाय आखून घे, लांब पायाच्या मापानं अंगठ्यापुढं अंगठ्याएवढी जागा सोड. ब्राही नव्यानं मापून घे. निघण्याआधी पाज, म्हणजे छाती हलकी राहते. आल्यावर घामानं भिजलेली ब्रा लगेच बदल, घट्ट ब्रा तशीच राहिली तर दूध साचून गाठ होऊ शकते.

आई, आता तुझ्यासाठी. पळाल्यानं दूध आटतं किंवा आंबतं असं शेजारी म्हणत असतील. मध्यम व्यायामानं दुधाचं प्रमाण कमी होत नाही आणि बाळाच्या वाढीवरही परिणाम होत नाही. दूध कमी होतं ते आईनं पोटभर न खाल्ल्यानं. पाजणाऱ्या बाईला रोज साधारण ५०० कॅलरी जास्त लागतात, पळणं त्यावर वेगळं. म्हणजे वजन उतरवायला म्हणून तिचं जेवण कमी करायचं नाही, भाकरी वाढवायची. निघण्याआधी अर्धं केळं किंवा उकडलेलं रताळं, बाजारात आता येतीलच. आल्यावर अर्ध्या तासात नाचणीची आंबील ताकातली आणि दोन अंडी किंवा मुगाची उसळ. अळीव पाण्यात भिजवून त्यावर लिंबू पिळ, लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा नको, तो लोह अडवतो. महिनाभरात हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी १२ तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर पळणं वाढवण्याआधी ते वर आणायचं.

महेश, तुझं काम सगळ्यांत साधं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. आठवड्यात तीन सकाळी सहा ते सात बाळ तुझं, कुणी आठवण न करता. आणि ज्या रात्री बाळानं तिला पाच तासही झोपू दिलं नसेल त्या सकाळी तिला उठवू नकोस. झोप नसताना केलेलं पळणं शरीरात मुरत नाही, दुखापत मात्र लवकर होते.

शर्यतीबद्दल थोडं. डिसेंबरच्या शेवटी सपाट रस्त्यावर ५ किलोमीटर मोजून पळ, जोरात पण न कोलमडता. समज ३५ मिनिटं लागली, तर त्या हिशोबानं १० किलोमीटरला साधारण ७३ मिनिटं लागतील, म्हणजे किलोमीटरला ७ मिनिटं १८ सेकंद. पहिले तीन किलोमीटर साडेसातनं जा, मधले चार ठरलेल्या वेगानं, उरलं असेल ते शेवटच्या तीनात. लग्नाआधीची वेळ या शर्यतीत गाठायची नाही, ती पुढच्या हिवाळ्यासाठी ठेव. शेवटच्या दहा दिवसांत अंतर निम्म्यावर आण, पण दोनदा शर्यतीच्या वेगानं पाच-पाच मिनिटं पळ, म्हणजे पाय जड होत नाहीत. फेब्रुवारीतली बेळगावची सकाळ थंड असते, तहानेपुरतं पाणी पी, वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर प्यायलाच हवं असं नाही. ८-९ किलोमीटरला गळायला लागलं किंवा जड वाटलं तर चाल. चालत संपवलेल्या शर्यतीचीही वेळ नोंदलेली असते, तीच पुढच्या वेळी मोडायची.

पहिल्या दोन आठवड्यांनंतर महेशनं फोनवर चित्रण करून पाठवावं: २० सेकंद बाजूनं, २० सेकंद मागून, फोन कमरेच्या उंचीवर धरून. बाजूनं मला पाऊल गुडघ्याच्या किती पुढं पडतं ते पाहायचंय, मागून कंबर कुठल्या बाजूला खाली जाते ते. पायांची आखलेली मापंही त्याबरोबर पाठवा.

तुमची,
ताई