तासिकावाल्यांना मतदारयादीत घ्या

महोदय,

प्राध्यापक संघटनांच्या निवडणुका आल्या की जुनी पेन्शन, ‘कॅस’ची (सेवेच्या वर्षांनुसार मिळणारी) पदोन्नती आणि थकबाकी हे विषय प्रत्येक पॅनेलच्या पत्रकात वरच असतात. तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे घेतलेल्या तासांवर पैसे मिळणाऱ्या सीएचबी शिक्षकांच्या मानधनाला शेवटची ओळ मिळते. संघटनेची घटना ‘पूर्णवेळ, मान्यताप्राप्त’ शिक्षकालाच सभासद करत असेल, तर यात नवल नाही. ज्याचे मत नाही, त्याच्या दारी उमेदवार कशाला जाईल?

यात नुकसान पूर्णवेळ शिक्षकांचेही आहे. शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातला ‘कामगार’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सुंदरांबाळ खटल्यात ठरवले. त्यामुळे पगाराचा वाद त्या कायद्याने कामगार न्यायालयात नेता येत नसे. उरले ते मंत्रालय, उच्च न्यायालय आणि परीक्षेच्या कामावर बहिष्कार. २०१३ मध्ये सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट या पात्रता परीक्षांचा प्रश्न यांवरून हा बहिष्कार सुमारे तीन महिने चालला, शेवटी उच्च न्यायालयात मिटला आणि ७१ दिवसांच्या पगारावर गदा आली. असा बहिष्कार मोडायचा झाला, तर उत्तरपत्रिका कोणाच्या पुढ्यात टाकल्या जातील? ज्याची पुढच्या वर्षीची नेमणुकीची ऑर्डर प्राचार्यांच्या हातात आहे, त्याच्याच.

आता मानधनाचे. सातव्या आयोगात सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) जानेवारी २०१९ मध्ये अतिथी शिक्षकासाठी तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये सुचवले. पण दर कितीही ठरो, पैसे घेतलेल्या तासाचेच मिळतात. दिवाळीची सुट्टी, परीक्षेचे आठवडे, उन्हाळा हे सगळे वजा. त्यात बिल अडते ते वेगळेच: वेळापत्रकात तास एका वाराला, हजेरीपटावर सही दुसऱ्या वाराची, किंवा विद्यापीठाची मान्यता अजून यायची आहे. एका शिक्षकाच्या त्रुटीपायी उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयातून अख्ख्या महाविद्यालयाचे बिल परत येऊ शकते. बिलाचा असा पाठपुरावा संघटनेने करायचा असतो, सभासद असतील तर.

सीएचबी शिक्षकांना सभासद करण्यासाठी घटनादुरुस्ती करताना काही गोष्टी आधीच ठरवाव्यात. सीएचबीची नेमणूक सत्राची किंवा वर्षाची असते. मतदानाच्या दिवशी ऑर्डर हातात असलीच पाहिजे अशी अट घातली, तर निवडणूक मे महिन्यात लावून सगळ्यांना बाहेर ठेवता येते. म्हणून ‘मागील दोन शैक्षणिक वर्षांत किमान एक सत्र शिकवलेले’ हा निकष बरा. वर्गणी मानधनाच्या प्रमाणात हवी. यादी महाविद्यालयवार केली, तर दोन ठिकाणी तास घेणाऱ्याचे नाव दोनदा येते. त्याच्याकडून एक केंद्र लिहून घ्यावे. कच्ची यादी महिनाभर आधी लावून हरकतींना आठ दिवस द्यावेत.

सर्वांत नाजूक भाग मतमोजणीचा. एखाद्या महाविद्यालयात सीएचबी मतदार तिघेच असतील आणि पेटी केंद्रवार मोजली, तर कोणी कोणाला मत दिले हे दुपारपर्यंत प्राचार्यांना कळते. सर्व केंद्रांच्या मतपत्रिका आधी एकत्र मिसळाव्यात, मगच गठ्ठे करावेत. मतपत्रिकेचा क्रमांक फक्त फाडल्यावर मागे राहणाऱ्या स्थळप्रतीवर असावा. मतदान केंद्र प्राचार्यांच्या दालनाला लागून नको, हे खरे तर सांगावेही लागू नये.

संघटना सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर नव्या कार्यकारिणीचा बदल अहवाल (चेंज रिपोर्ट) ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात जायला हवा. तो राहिला आणि हरलेल्या गटाने हरकत घेतली की बँक खात्यावर सही कोणाची इथपासून भांडण सुरू होते. मंत्रालयात बैठक लागली तर दोन अध्यक्ष दोन निवेदने घेऊन हजर होतात, आणि बैठक पुढे ढकलायला सचिवांना निमित्त मिळते.

– एक प्राध्यापक