किंग्जवेच्या इंजिनाविषयी

नागपूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. तुझ्या जुन्या डॉज किंग्जवे मोटारीचे इंजिन उतरवले आहेस आणि आता बांधायचेच आहे तर थोडा जोर वाढवून बांधावे, असा तुझा विचार दिसतो. माझ्या गाडीचे इंजिन मी याच हेतूने बांधून घेतले आणि त्यानंतर नागपूरचा एक पूर्ण उन्हाळा ती चालवली, त्यामुळे आता सांगण्याजोगे काही जमा झाले आहे. ज्या दुहेरी कार्ब्युरेटरवर तू दीड पान खर्च केले आहेस, तो बसवायचाच तर सगळ्यांत शेवटी बसव. या इंजिनात जोर वाढवणे म्हणजे मुख्यतः वाढणारी उष्णता सांभाळणे, आणि ती सोय आधी झाली नाही तर बाकीच्या खर्चाला अर्थ राहत नाही.

आपल्या दोघांच्याही गाड्या कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये जुळलेल्या, आणि इंजिन तेच, क्रायस्लरचे 217.8 घन इंचांचे साइड व्हॉल्व्ह सिक्स. बोअर (सिलिंडरची रुंदी) सव्वातीन इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) चार पूर्णांक तीन अष्टमांश इंच, म्हणजे 82.5 मिलिमीटर रुंदीला 111 मिलिमीटर उंची. 97 अश्वशक्तीचा कारखान्याचा आकडा मिनिटाला 3600 फेऱ्यांवरचा आहे आणि त्या वेगाला पिस्टन सेकंदाला सरासरी तेरा मीटरहून अधिक धावत असतो. एवढ्या लांब स्ट्रोकच्या आणि चारच मेन बेअरिंगच्या इंजिनाला आणखी फेऱ्या मागणे मला शहाणपणाचे वाटत नाही. जोर वाढवायचा तो टॉप गिअरमध्ये तीसच्या वेगावरून गाडी न कुरकुरता उचलते तिथे. म्हणून कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, वेगळा घासून घेण्याचा बेत मी प्रथमच बाजूला ठेवला; त्याचा फायदा वरच्या फेऱ्यांवर मिळतो आणि नुकसान नेमके आपल्याला हव्या त्या ठिकाणी होते.

सिलिंडरचे माप घेतले तेव्हा इंजिन पूर्वी एकदा 20 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) रिबोर झालेले, म्हणजे सिलिंडर आतून कापून तेवढे रुंद केलेले निघाले, आणि त्यावर वरच्या रिंगच्या जागी सुमारे 12 थाऊ झीज. त्यामुळे 40 चा साइज ठरला. लोक रिबोरलाच जोर वाढणे समजतात, पण हिशेब करून पाहा: 40 थाऊ बोअर वाढल्यावर 3569 सीसीचे 3657 सीसी होतात, म्हणजे जेमतेम अडीच टक्के. रिबोरचा खरा लाभ सिलिंडर पुन्हा गोल आणि सरळ होण्यात आहे. येथील एका वर्कशॉपने पिस्टन हातात येण्याआधीच बोअर करून ठेवण्याची तयारी दाखवली, तेव्हा ब्लॉक तिथून उचलून दुसरीकडे नेला. पिस्टन प्रत्यक्ष मायक्रोमीटरवर मोजायचा, प्रत्येक सिलिंडर त्याच्या त्याच्या पिस्टनला जुळवायचा आणि शेवटचे एक-दोन थाऊ होनिंगसाठी, म्हणजे दगडाने बारीक घासण्यासाठी राखायचे, हे ज्याला सांगावे लागते त्याच्याकडे ब्लॉक देऊ नये. त्याच फेरीत सहाही पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड तराजूवर सारख्या वजनाचे करून घे. खर्च किरकोळ आहे आणि त्याचा गुण स्टिअरिंगवर हात ठेवताच कळतो.

आता पाण्याकडे येतो, कारण खरे काम तिथे आहे. या ब्लॉकमध्ये वॉटर पंपाच्या मागे एक पातळ पत्र्याची चपटी नळी असते. ती ब्लॉकच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत आत सरकवलेली असते आणि तिच्या भोकांतून रेडिएटरकडून आलेले थंड पाणी थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकींवर सोडले जाते. सत्तर वर्षांत ती गंजून चाळण होते, पुढच्या भोकांतूनच पाणी सुटते आणि मागचे पाच-सहा नंबरचे सिलिंडर तापत राहतात. डॅशबोर्डचा काटा मात्र काहीच बोलत नाही, कारण तो सरासरी पाण्याचे तापमान दाखवतो. माझी नळी आकडा घालून ओढली तर पहिला वीतभर तुकडा हातात आला. उरलेली लांब सळईने, तेल पाजत पाजत, तांबड्या पापुद्र्यांच्या रूपात बाहेर काढावी लागली. ब्लॉकच्या मागच्या भागात तर घट्ट बसलेला गाळ होता; तो वेल्श प्लग, म्हणजे ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची बुचे काढून, खरवडून आणि पाण्याच्या दाबाने धुऊन काढला. नवी नळी पितळी पत्र्याची करून घेतली आणि जुन्या तुकड्यांवरून भोकांची जागा आखली. कामठी रोडवरचे आमचे उस्ताद हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, तासण्याच्या माझ्या चर्चेला कंटाळून म्हणाले होते, “भाऊ, हेड कितीबी घासा, पाणी फिरलं नाही तं समदं फुकट हाये.” त्यांचे म्हणणे मे महिन्यात शब्दशः पटते. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी वर्धा रोडच्या सिग्नलवर गाडी उभी असताना काटा आता आपल्या जागेवरून हलत नाही. रेडिएटरला नवा कोअर बसवला हेही त्याचे कारण आहे, पण नुसत्या कोअरने हे झाले नसते.

हेडविषयी तू विचारलेला प्रश्न योग्य आहे, फक्त आकडा मात्र कुणाचा ऐकून घेऊ नकोस. मूळ कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना मिश्रण किती पटीने दाबले जाते ते प्रमाण, सातास एक; हेड तासले की ते वाढते. त्या काळचे पेट्रोल आजच्या साध्या पेट्रोलपेक्षा हलके होते, म्हणजे दाबाखाली लवकर अवेळी पेटे, म्हणून थोडी जागा शिल्लक आहे. साइड व्हॉल्व्ह इंजिनात ही जागा फार नाही, कारण व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी असल्यामुळे हवा व्हॉल्व्हवरून आडवी सरकून पिस्टनवर येते, आणि हेड जितके खाली आणावे तितकी तिची ही वाट अरुंद होते. एका हाताने दाब वाढवून दुसऱ्या हाताने श्वास कोंडण्याचा हा प्रकार होय. मी 7.8 वर थांबलो. बोअर वाढल्यामुळे कॉम्प्रेशन आपोआपच 7.1 च्या आसपास आले होते. हेडवर जाड पर्स्पेक्सची पट्टी ठेवून ब्युरेटने प्रत्येक चेंबरमध्ये, म्हणजे हेडमधल्या पोकळीत, तेल ओतून सीसी मोजले, तर सहा चेंबरमध्ये तीन-चार सीसीचा फरक निघाला. तो आधी लहान चेंबर घासून मोठ्याच्या बरोबरीला आणून मिटवला. मग हिशेब सोपा आहे: एका सिलिंडरचे 609.5 सीसी भागिले 6.8 (7.8 वजा एक), म्हणजे पिस्टन वर असताना गॅसकेटसह सुमारे 89.6 सीसी उरले पाहिजेत. माझ्या हेडमध्ये दर पाच थाऊला साधारण एक सीसी जात होता, म्हणून 50 थाऊ तासले. बसवण्यापूर्वी मुलांच्या खेळातली मऊ माती व्हॉल्व्हच्या डोक्यांवर चिकटवून, जुने गॅसकेट घालून हेड आवळ, क्रँक हाताने दोनदा फिरव आणि माती कापून तिची जाडी मोज. व्हॉल्व्ह आणि हेड यांच्यामध्ये 50 थाऊ तरी उरले पाहिजेत.

सात ते 7.8 या वाढीने तात्त्विकदृष्ट्या चार टक्क्यांच्या आसपास लाभ होतो. तुला हा आकडा लहान वाटेल, परंतु हा लाभ प्रत्येक फेरीवर आणि पेट्रोलच्या प्रत्येक थेंबावर मिळतो.

त्यानंतर एक्झॉस्ट. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-5-3-6-2-4 आहे; नीट पाहिलेस तर पुढचे तीन आणि मागचे तीन सिलिंडर एकाआड एक पेटतात. म्हणून मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणारी बिडाची नळी, मधोमध विभागून पुढच्या तिघांना एक आणि मागच्या तिघांना दुसरा पाइप दिला, की प्रत्येक पाइपमध्ये धूर सारख्या अंतराने येतो आणि एकाचा दुसऱ्याला अडथळा होत नाही. मी जुना मॅनिफोल्ड कापून, मध्ये पडदी घालून, बिडाचे वेल्डिंग जाणणाऱ्या कारागिराकडून तापवून आणि राखेत सावकाश थंड करून घेतला. इनटेक गरम करण्यासाठी त्यात जी झडप असते ती मी काढून टाकली, कारण नागपुरात वर्षाचे दहा महिने तरी तिची गरज नसते, आणि अडकून बसली तर ती इनटेक उगाच भाजत राहते. थंडीतल्या सकाळी पहिली पाच मिनिटे चोक सांभाळावा लागतो, एवढेच. आवाज थोडा भारदस्त झाला आहे. शेजाऱ्यांनी अजून तक्रार केलेली नाही.

पेट्रोल पंप या इंजिनात एक्झॉस्टच्या बाजूलाच, मॅनिफोल्डच्या खाली असतो, आणि उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडण्याचे मूळ तिथे आहे. दोन्हींच्या मध्ये पत्र्याची ढाल बसव. काहींनी ती कधीकाळी काढून फेकलेली असते. शिवाय आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, तेव्हा डायफ्राम आणि रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घे, आणि मेन जेटचे, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या मुख्य छिद्राचे क्षेत्रफळ सहा-सात टक्के वाढव, नाहीतर मिश्रण पातळ पडून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतील. शिसेरहित पेट्रोलची मात्र चिंता करू नकोस. या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकी कारखान्यातूनच कठीण धातूच्या बसवलेल्या असतात. टॅपेटची फट (व्हॉल्व्हच्या दांड्याखालची मोकळीक) इंजिन गरम असताना इनटेक 8 आणि एक्झॉस्ट 10 थाऊ असे सांगितलेले आहे. मी उन्हाळ्याकडे पाहून एक्झॉस्टला 12 ठेवले आहेत. किंचित टकटक ऐकू येते, आणि ती टकटक मला पसंत आहे.

आता तुझा दुहेरी कार्ब्युरेटर. त्याच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे: मध्यावरच्या एकाच कार्ब्युरेटरपासून टोकाच्या सिलिंडरांपर्यंतची वाट लांब असल्यामुळे मधल्यांना मिश्रण जाड आणि टोकाच्यांना पातळ मिळते. दोन कार्ब्युरेटरने हा भेद कमी होतो. पण तयार मॅनिफोल्ड आपल्याकडे मिळत नाही, दोघांची जुळवणी सतत करावी लागते, आणि वरील कामे न करता तो बसवला तर बॉनेट उघडून दाखवण्यापलीकडे फारसे हाती लागत नाही. तुझ्याकडे कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर आहे. तिथल्या फाउंड्रीत ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड ओतून घेणे तुला माझ्यापेक्षा सोपे जाईल, हे कबूल. तरी एक हंगाम एकाच कार्ब्युरेटरवर चालवून पाहा. कुठून 230 घन इंचांच्या इंजिनाचा क्रँक त्याच्या रॉडसह मिळाला तर मात्र तो आधी घे, कारण पाव इंच जास्त स्ट्रोकने जे मिळते ते कुठल्याही कार्ब्युरेटरने मिळत नाही. मला तो मिळाला नाही.

माझ्या गाडीची अश्वशक्ती यंत्रावर मोजून घेतलेली नाही, त्यामुळे तो दावा करणार नाही. रामटेकच्या गडाची चढण पूर्वी सेकंडमध्ये चढावी लागे, ती आता चार माणसांसह टॉपमध्ये बरीचशी कापता येते, आणि चढणीवर नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटल्याचा ठोका) ऐकू येत नाही. स्टार्टर पहिल्यांदा जड वाटला, कारण कॉम्प्रेशन वाढले आणि सहा व्होल्टच्या गाडीला कुणीतरी बारा व्होल्टची बारीक केबल जोडलेली होती. जाड केबल घातल्यावर गरम इंजिनही पहिल्या झटक्यात सुरू होते.

ब्लॉक रिबोरला देण्यापूर्वी सिलिंडरची वरची, मधली आणि खालची मापे आणि सहाही चेंबरचे सीसी मला लिहून पाठव; किती तासायचे ते आपण मिळून ठरवू. पाण्याच्या नळीचा नमुना मी कागदावर भोकांसह पूर्ण मापात काढून ठेवला आहे, तो सोबत पाठवत आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

कळावे, लोभ असावा.

तुझा स्नेहांकित