आगारीत नसलेलं नाव

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझं माहेर बोरी नदीकाठचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिथे घागर भरतात, वर डांगर आणि सांजोरी ठेवतात, आणि भाऊ चुलीतल्या निखाऱ्यावर आगारी, म्हणजे पितरांचा घास, टाकताना एकेका पितराचं नाव घेतो. पणजोबांचं नाव येतं. पणजीच्या वेळी मात्र तो नुसतं 'मोठी माय' म्हणायचा. तिचं खरं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तेहेतीस वर्षं शाळेत हजेरी घेतली, त्यामुळे ही एक जागा रिकामी राहते हे मला फार लागायचं.

निवृत्तीनंतर शोधायला बसले. आमच्या शेताच्या सातबाऱ्यावरून मागचे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, त्यांचे क्रमांक घेतले आणि जुन्या नकलांसाठी अर्ज दिला. अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे आपलं कोतवाल बुक, गावच्या जन्म-मृत्यूंची नोंदवही, फडक्यात बांधलेलं होतं. पान उलटलं की कडेचा तुकडा हातात येई. वरती 'पूर्व खानदेश' लिहिलेलं आणि आत सगळी मोडी. मला मोडी येत नाही. ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांनी दोन दुपार शेजारी बसून वाचून दाखवली.

१९१८ च्या दिवाळीच्या आसपासची पानं ऐकवत नव्हती. ओळीमागून ओळ, आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द: ताप. आमच्याकडे म्हातारी माणसं जिला मानमोडी म्हणत, ती हीच साथ. त्यातच पणजोबा सापडले. पुढच्या वर्षांच्या पानांत पणजीच्या मृत्यूची नोंदही सापडली, पण तिथेही ती 'अमक्याची आई' एवढीच.

तिचं नाव मिळालं ते १९१९ च्या फेरफारात. मयताचा वारस मुलगा, वय वर्षे ३, 'अ.पा.क. आई' आणि पुढे तिचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता, अज्ञान मुलाच्या वतीने कारभार पाहणारा पालक. १९३४ चा फेरफारही जोडीला होता: मुलगा सज्ञान झाला, सबब अ.पा.क. शेरा कमी केला. मधली पंधरा वर्षं औत, बियाणं, सारा, सावकार हे सगळं त्या एकट्या बाईने पाहिलं. शेत आज आमच्याकडे आहे ते तिच्यामुळे, आणि कागदावर ती होती फक्त मुलगा लहान होता तोवर.

आपल्यामार्फत एक विनंती करते. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधात हीच दप्तरं राज्यभर चाळली गेली आणि मिळालेल्या नोंदींची पानं स्कॅन झाली. ते काम चांगलंच झालं. पण निवडक पानं न घेता पूर्ण बुकं स्कॅन करा, जात कोणतीही असो. भिल्ल, पावरा, गुजर, लेवा, सगळ्यांचेच पूर्वज तिथे आहेत, आणि कागद आता फार वर्षं तग धरणार नाही. नंदुरबारकरांना जुन्या कागदासाठी अजून धुळ्याचं दप्तर धुंडाळावं लागतं. जिल्हा १९९८ साली वेगळा झाला, कागद त्याआधीचे. शिवाय तालुक्याच्या ठिकाणी मोडीचे वर्ग निघावेत. जुनी कागदपत्रं जपणारं धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ ज्या खानदेशात आहे, तिथे मोडी वाचणारा माणूस शोधत फिरावं लागू नये.

वाचकांनाही सांगणं आहे. घर पाडताना माळ्यावरची पत्र्याची पेटी भंगारात देऊ नका. साऱ्याच्या पावत्या, गहाणखतं, लग्नाच्या याद्या आधी उलगडून बघा. आणि शोधताना 'अ.पा.क.', 'बेवा' (विधवा), 'भ्रतार' (नवरा) हे शब्द दिसले की थांबा. आपल्याकडच्या बायकांची नावं बहुधा तिथेच सापडतात. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव आलं आहे. आधीच्यांसाठी मात्र हेच कागद उरलेत.

पणजीचं नाव मी या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. येत्या आखाजीला भाऊ ते पहिल्यांदा आगारीवर घेईल, मग सगळ्यांना सांगू.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, अमळनेर