वेढा फुटला की उठला?

मा. संपादक,

परदेशी युद्धांच्या बातम्यांत ‘सीज’ आला की मराठीत सरसकट ‘वेढा तोडला’ असे छापून येते. इंग्रजीत या शब्दाला जोडून येणारे क्रियापद बदलले की घटनाच बदलते. भाषांतराच्या टेबलावर ते आधी पाहावे, ही कळकळीची विनंती.

‘ब्रेक द सीज’ म्हणजे वेढा फोडणे, ‘लिफ्ट द सीज’ म्हणजे तो उठवणे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी वेढलेल्या लेनिनग्राडला १८ जानेवारी १९४३ रोजी सोव्हिएत फौजांनी लाडोगा सरोवराच्या दक्षिण काठाने जेमतेम आठ-दहा किलोमीटर रुंदीची वाट मोकळी केली. वेढा फुटला तो त्या दिवशी. उठला मात्र २७ जानेवारी १९४४ रोजी. मधले वर्षभर शहरावर तोफगोळे पडतच होते. दोन्हीकडे ‘तोडला’ लिहिले की ते वर्ष पुसले जाते.

सर्वांत फसवे ‘रेझ द सीज’. ‘रेझ’ पाहून ‘वेढा वाढवला’ लिहिले तर अर्थ नेमका उलटा होतो, कारण हेही वेढा उठवणेच. १६८३ मध्ये व्हिएन्नाबाहेर ऑटोमन फौजेचा पराभव झाला आणि तिला वेढा उठवून माघारी जावे लागले, त्याला हाच प्रयोग.

‘रिलीव्ह’ला ‘दिलासा’ म्हणू नये. तिथे कुमक आलेली असते. पण कुमक पोचली म्हणून वेढा उठलाच, असेही धरू नये. लखनौच्या रेसिडेन्सीत उठाववाल्यांनी इंग्रजांना वेढले होते; तिथे २५ सप्टेंबर १८५७ रोजी इंग्रज सेनानी हॅवलॉक आणि औट्रम फौजेसह शिरले, याला इंग्रज ‘फर्स्ट रिलीफ’ म्हणतात. सर्वांना घेऊन बाहेर पडण्याइतके बळ नव्हते, म्हणून ती कुमकही आतच अडकली. नोव्हेंबरमध्ये इंग्रज सेनापती कॅम्पबेल आला तेव्हा कुठे सुटका झाली.

‘सीज मेंटॅलिटी’चे ‘वेढा मानसिकता’ कोणाला कळणार? ‘सगळे आपल्यावर उठलेत ही भावना’ असे सरळ लिहावे. पत्रकारांनी मंत्र्याला ‘बिसीज’ केले, तर गराडा घातला.

मराठीतून इंग्रजीत जातानाही हीच काळजी हवी. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले, त्याला ‘ब्रोक द सीज’ लिहिलेले दिसते. तिथे ‘एस्केप्ड’ हवे. सिद्दी जौहरचा वेढा पुढेही चालूच होता, आणि सप्टेंबरमध्ये गड आदिलशाहीच्या हवाली करावा लागला.

– एक भाषांतरकार, पुणे