नियमपुस्तक ठरवायचंय, रविवारी सगळ्यांनी या

मंडळी, रविवारी संध्याकाळी ५ वाजता विश्रामबागेत, नेहमीच्याच ठिकाणी. आपल्या फाशांच्या रोल-प्लेइंग खेळाची (प्रत्येकाने एक पात्र चालवायचं, तो) नवी मोहीम सुरू करण्याआधी एकच नियमपुस्तक नक्की करू. मागच्या खेपेला टेबलावर दोन होती. एकात चिलखताचा आकडा (वार लागणं किती अवघड, ते सांगणारा) चिलखत भारी तसा ९ वरून खाली उतरायचा, दुसऱ्यात वर चढायचा. तळघरातल्या गोब्लिनला तलवार लागली की नाही, यावर पाऊण तास गेला. भडंग संपलं, गोब्लिन तसाच उभा.

पर्याय दोन. 'ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स' म्हणजे १९८१ च्या डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) खेळाच्या बेसिक आणि एक्स्पर्ट नियमांचीच नीटनेटकी मांडणी. त्यात एल्फ, ड्वार्फ हे वंशच वर्ग (म्हणजे पात्राचा पेशा); एल्फ घेतला की तलवारही आली, मंत्रही आले. 'बेसिक फँटसी'त वंश वेगळा निवडायचा, वर्ग वेगळा. चिलखताचा आकडा मोठा तितका चांगला, आणि अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ फुकट. पहिल्याच्या फक्त मूळ नियमांची पीडीएफ फुकट मिळते.

माझं मत दुसऱ्याला. नवीन तिघांना उलटी मोजणी शिकवत कोण बसणार? बाकी, दोन्हींत जीव शून्यावर आला की पात्र मेलं. जादूगार घेणाऱ्यांनो, सुरुवातीला मंत्र एकच आणि जीव चार बाजूंच्या फाशावर. नंतर रुसायचं नाही.

निदान पात्र बनवायची पानं वाचून या. येणं जमणार नसेल तर शनिवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर मत टाका. ठरलेलं पुस्तक सहा महिने बदलणार नाही. आणि माझा चार बाजूंचा फासा चुकून कुणाच्या पिशवीत गेला असेल, तर तेवढा घेऊन या.